एसीच्या दुरुस्तीचा खर्च : होकार देण्याआधी काय मोजायचे, काय विचारायचे

एसीमधला गॅस वापरून संपत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅससारखा तो जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मार्च उजाडला की घरोघरी ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ हे वाक्य ऐकू येते आणि दोन-अडीच हजार रुपये मोजले जातात. बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या घरी हे सलग तीन उन्हाळे घडले. पहिल्या वर्षी २,२०० आणि पुढच्या दोन्ही वर्षी २,५०० असे एकूण ७,२०० रुपये गेले. चौथ्या वर्षी आलेल्या एका वयस्क कारागिराने गॅसला हात लावण्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन सांधे तपासले, तेव्हा इनडोअर युनिटच्या मागचा फ्लेअर नट (गॅसची नळी युनिटला जोडणारा नट) चिरलेला सापडला. नट बदलणे, नळीचे तोंड नव्याने फुलवणे, व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा ओढून काढणे) आणि गॅस या सगळ्याचे मिळून त्यांनी ३,४०० रुपये घेतले. त्यानंतर त्या एसीत पुन्हा गॅस भरावा लागलेला नाही.

हा लेख त्या ७,२०० रुपयांमुळे लिहीत आहे. बिघाडाचे कारण मोजून दाखवल्याशिवाय दुरुस्तीला होकार देऊ नये, हे त्यातून मी शिकलो. काय मोजायचे, ते कोणी मोजायचे आणि त्यापुढे किती पैसे देणे रास्त आहे, ते क्रमाने मांडत आहे.

आपल्याकडे एसी बिघडतो तो बसून

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे एसी लागतो तो मार्चच्या मध्यापासून वळीव पडेपर्यंत, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. उरलेले नऊ महिने यंत्र नुसते बसून असते, आणि आपल्याकडचे बरेचसे बिघाड या बसण्यातूनच निर्माण होतात. आउटडोअर युनिटमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, कार्डावर (यंत्र चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर) पाल चिकटून शॉर्ट होतो, ड्रेन पाइपच्या तोंडाशी गांधीलमाश्या मातीचे घर करतात. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यातील ओल इतकी असते की कार्डावरची जोडणी हिरवी पडते.

गोकाक, अथणी, रामदुर्ग या पूर्वेकडच्या तालुक्यांत मात्र ऊन कडक असते आणि एसी जास्त महिने चालतो. तिथे कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा विजेचा डबा) आणि पंख्याची मोटर उष्णतेने लवकर जातात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, तोपर्यंत उडणारी राख आउटडोअरच्या जाळीत जाऊन बसलेली असते. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ राहणाऱ्यांना त्यात तंबाखूच्या भुकटीची भर सोसावी लागते. जाळी बंद झाली की उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा आउटडोअरमधला पंप, वारंवार बंद पडतो. अशा वेळी यंत्राला केवळ पाण्याने नीट धुण्याची गरज असते, आणि घरमालकाला मात्र गॅस भरण्याचा सल्ला मिळतो.

फोन करण्याआधीची पंधरा मिनिटे

मेकॅनिक घरी आला की व्हिजिट चार्ज लागतोच, म्हणून आधी घरच्या घरी होण्यासारख्या गोष्टी तपासाव्यात. रिमोटवर ‘कूल’ मोड आहे की चुकून ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ लागला आहे, हे पाहावे. एसीचा स्वतंत्र एमसीबी खाली पडला आहे का आणि स्टॅबिलायझरवर किती व्होल्ट दिसतात, हे पाहावे. इनडोअरचे झाकण उचलून फिल्टर काढावेत, साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. नऊ महिन्यांच्या धुळीने भरलेले फिल्टर हे कूलिंग कमी होण्याचे सर्वांत साधे कारण आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

यानंतर स्वयंपाकघरातला किंवा मत्स्यपेटीसाठी मिळणारा दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. रिमोटवर १८ अंश आणि पंखा सर्वांत जोरात ठेवून एसी पंधरा मिनिटे चालू द्यावा. मग इनडोअरच्या वरच्या बाजूने आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे आणि खालच्या फटीतून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. फरक साधारण ८ ते १२ अंश सेल्सियस असेल, तर यंत्र आपले काम करत आहे असे समजावे आणि खोलीच गार होत नसेल तर दोष उघड्या फटींचा, वरच्या तापलेल्या स्लॅबचा किंवा कमी टनाच्या यंत्राचा आहे हे ओळखावे. फरक तीन-चार अंशच असेल, तर खरा बिघाड आहे. हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत, कारण दुरुस्तीनंतर याच जागी, याच पद्धतीने पुन्हा मोजायचे आहे.

आउटडोअरचे झाकण मात्र घरमालकाने उघडू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो आणि तो जोरदार धक्का देऊ शकतो. गच्चीच्या कठड्याबाहेर लोंबकळून जाळी धुण्याचा प्रयत्नही कोणी करू नये.

एसी चालू होतानाच व्होल्टेज फार खाली जात असेल, विशेषतः शेतीपंपांच्या वेळेत, तर तो बहुधा यंत्राचा बिघाड नसतो. त्याची तक्रार हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर करावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

फोनवर विचारायचे प्रश्न

आउटडोअर आणि इनडोअर, दोन्हींवरच्या लेबलांचे फोटो आधी काढून ठेवावेत. त्यावर मॉडेल, अनुक्रमांक, गॅसचा प्रकार आणि कारखान्यात भरलेल्या गॅसचे वजन दिलेले असते. फोनवर लक्षण सांगावे, निदान सांगू नये. ‘गॅस भरायचा आहे’ असे आपणच म्हटले, तर येणारा माणूस गॅसचा सिलिंडर घेऊन येतो आणि गॅस भरूनच जातो. ‘पंखा फिरतो, हवा गार येत नाही, आउटडोअर दोन मिनिटांत बंद पडते’ असे जसे दिसते तसे सांगावे.

मग व्हिजिट चार्ज किती आणि काम करवून घेतल्यास तो बिलात वळता होतो का, हे विचारावे. शहरात हा आकार साधारणपणे २५० ते ५०० रुपयांच्या दरम्यान असतो, खेड्यात यायचे असेल तर अंतराप्रमाणे वाढतो. क्लॅम्प मीटर (वायरीतला विजेचा प्रवाह मोजणारे साधन), व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा सोबत आणणार का, हेही जरूर विचारावे. या तीन वस्तूंबद्दल उत्तर टाळणाऱ्याला मी बोलावत नाही. हात कितीही कसलेला असला, तरी या साधनांवाचून गॅसचे काम नीट होऊ शकत नाही.

साधारण दर

पुढचे आकडे दीड टनाच्या स्प्लिट एसीचे आहेत, आणि कंपनी, मॉडेल व हंगाम यांनुसार ते खाली-वर होतात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जो दर सांगितला जातो, तो फेब्रुवारीत क्वचितच सांगितला जातो.

दोन्ही युनिटे पाण्याच्या दाबाने धुऊन केलेल्या सर्व्हिसिंगला ४५० ते ८०० रुपये लागतात. इनडोअरमधून पाणी गळणे हे बहुतेक वेळा तुंबलेल्या ड्रेन पाइपचे काम असते. ते सर्व्हिसिंगमध्येच धरले पाहिजे, त्याचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारावे. कपॅसिटर बदलायला मजुरीसह ४०० ते ९०० रुपये, तापमानाच्या सेन्सरला ४०० ते ८०० रुपये, आउटडोअरच्या साध्या पंख्याच्या मोटरला दोन ते साडेतीन हजार रुपये पडतात. गळती काढून, व्हॅक्यूम करून पूर्ण गॅस भरण्याचे अडीच ते चार हजार रुपये होतात. तांब्याचा कॉइल बदलायचा तर पाच ते दहा हजार, इन्व्हर्टर एसीचे (ज्यात कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलतो) आउटडोअर कार्ड नवे घालायचे तर चार ते दहा हजार, कॉम्प्रेसर बदलायचा तर गॅस आणि मजुरीसह दहा ते अठरा हजार रुपयांपर्यंत तयारी ठेवावी लागते.

जागा बदलताना एसी काढण्याचे ६०० ते १,००० आणि पुन्हा बसवण्याचे १,२०० ते २,००० रुपये लागतात. काढताना सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊन दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे असतात. त्याला पंपडाउन म्हणतात. घर रंगवायला काढले की रंगाऱ्याच्याच हाताने एसी उतरवला जातो, नट सैल करताच गॅस फुस्सकन उडून जातो आणि पुढे त्याचा भुर्दंड अडीच-तीन हजारांचा बसतो. म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

गॅस : सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात

गॅस कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळला आहे. म्हणून गॅस भरण्याच्या कामाचे तीन भाग असतात : गळती शोधणे, ती बंद करणे आणि मग वजनाने गॅस भरणे. पहिले दोन भाग सोडून केवळ तिसऱ्याचे पैसे घेतले जातात, आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक पुन्हा तयार असते.

गळती बहुधा सांध्यांवर असते. इनडोअरच्या मागचे दोन आणि आउटडोअरच्या बाजूचे दोन असे चार फ्लेअर नट साबणाच्या फेसाने तपासायला दहा मिनिटे पुरतात. सांध्याजवळ तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर तीही गळतीची खूण असते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. फेसाने काही सापडले नाही, तर उरलेला गॅस काढून घेऊन नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन भरतात. आर-३२ किंवा आर-४१०ए या प्रकारचा गॅस असलेल्या यंत्रात नायट्रोजन साधारण ३०० ते ४०० पीएसआय दाबाने भरून गेजचा (दाबमापकाचा) काटा अर्धा-एक तास तरी पाहतात. काटा खाली आला, म्हणजे गळती आहे.

इथे एक धोका प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावा. नायट्रोजनऐवजी वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरचा दाब देणे हा प्राणघातक प्रकार आहे. दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाशी भेटला की स्फोट होऊ शकतो. कोणी तसे करू लागला, तर काम तिथेच थांबवावे आणि घरातल्या सर्वांना बाजूला न्यावे.

गळती बंद झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचा असतो. त्याला किमान वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, ओल जास्त असेल तर अधिक. काही जण पंप न लावता थोडा गॅस सोडून त्याच्या जोरावर हवा बाहेर ढकलतात. त्यात आत राहिलेले पाणी तेलाशी मिसळून आम्ल तयार होते, आणि वर्ष-दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जातो. त्या वेळी कोणालाही या अर्ध्या तासाच्या आळसाची आठवण राहिलेली नसते.

शेवटी गॅस वजनाने भरायचा. लेबलवर ०.८५ किलो लिहिले असेल, तर सिलिंडर काट्यावर ठेवून तेवढाच गॅस जाताना आपण स्वतः पाहावा. नळ्या नेहमीपेक्षा लांब असतील, तर माहितीपुस्तिकेत प्रतिमीटर किती ग्रॅम वाढवायचे ते दिलेले असते. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो, त्याबरोबर दाबही बदलतो. त्यामुळे नुसत्या गेजवर बोट ठेवून ‘गॅस बरोबर झाला’ असे सांगता येत नाही.

गॅसचा प्रकारही लेबलशी जुळलाच पाहिजे. जुन्या यंत्रांत आर-२२ असतो. ओझोनच्या थराला अपायकारक असल्याने मॉन्ट्रियल करारानुसार भारताने २०३० पर्यंत त्याचा वापर टप्प्याटप्प्याने जवळपास संपवायचे ठरवले आहे, म्हणून तो दिवसेंदिवस महाग आणि दुर्मीळ होत जाणार. त्याच्या जागी आर-४१०ए किंवा आर-३२ भरता येत नाही, कारण या गॅसांचा दाब आर-२२ पेक्षा सुमारे साठ टक्क्यांनी जास्त असतो आणि तेलही वेगळे लागते. आर-४१०ए हे दोन गॅसांचे मिश्रण आहे, ते द्रवरूपातच भरावे लागते. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनच, तो चांगलाच ज्वलनशील आहे. या दोन्हींपैकी कोणताही गॅस असलेल्या यंत्राचे काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. देवघरातला दिवा, उदबत्ती आणि शेगडी त्या वेळी विझवलेली असावी, आणि नळीत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत जवळ नेऊ देऊ नये.

‘कॉम्प्रेसर गेला’ असे सांगितले, तर

हे वाक्य ऐकताच दहा-पंधरा हजारांचा आकडा डोळ्यांसमोर येतो, म्हणूनच इथे घाई करू नये. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कपॅसिटर दुबळा झाला की कॉम्प्रेसर घुमतो, सुरू होत नाही आणि काही सेकंदांत ओव्हरलोडवर बंद पडतो. पाहणाऱ्याला कॉम्प्रेसरच जाम झाल्यासारखे वाटते. खरा दोष पाचशे रुपयांच्या डब्यात असतो. कपॅसिटरवर त्याचे मूल्य छापलेले असते, समजा ५० मायक्रोफॅरड. मीटरने मोजल्यावर ते दहा टक्क्यांहून अधिक कमी भरले, तर आधी तोच बदलायला सांगावे.

कपॅसिटर चांगला निघाला, तर कॉम्प्रेसरच्या तीन टोकांमधला रोध ओहममध्ये मोजायला सांगावा. साध्या कॉम्प्रेसरमध्ये तीनपैकी दोन लहान वाचनांची बेरीज तिसऱ्या मोठ्या वाचनाइतकी येते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही वाचने जवळपास सारखी येतात. कुठल्याही टोकाचा कॉम्प्रेसरच्या धातूच्या अंगाशी संबंध दिसता कामा नये. वाचने बिघडलेली दिसली, तरच गुंडाळी जळाली असे म्हणता येते. हे मोजमाप दोन-तीन मिनिटांचे आहे, आणि प्रामाणिक कारागीर ते आनंदाने दाखवतो.

कॉम्प्रेसर खरोखरच जळाला असेल, तर आतले तेल काळे होऊन नळ्यांत पसरलेले असते. अशा वेळी नळ्या स्वच्छ करणे आणि गॅसच्या नळीतला फिल्टर बदलणे बिलात धरले आहे का, हे पाहावे. ते टाळून बसवलेला नवा कॉम्प्रेसरही त्याच घाणीने लवकर जातो. कोणता कॉम्प्रेसर बसवणार, नवा की दुसऱ्या यंत्रातून काढलेला, हेही लेखी घ्यावे.

इन्व्हर्टरचे कार्ड

इन्व्हर्टर एसीत स्क्रीनवर किंवा दिव्यांच्या उघडझापीतून एरर कोड येतो. त्याचा फोटो काढून माहितीपुस्तिकेत अर्थ पाहावा, कारण प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात. कोड सेन्सरचा असेल आणि समोरचा मनुष्य कार्ड बदला म्हणत असेल, तर आधी सेन्सरचा रोध मोजून घ्यावा. दोन युनिटांमधली सिग्नलची वायर उंदराने तोडली असली, तरीही कार्ड गेल्यासारखाच कोड येतो.

कार्ड खरोखर नादुरुस्त असेल, तर दोन मार्ग असतात. कंपनीकडून नवे कार्ड घेतल्यास पैसे जास्त जातात, पण त्यावर वॉरंटी मिळते. कार्डावरचा जळालेला सुटा भाग बदलून देणारे कारागीर बेळगावात आणि कोल्हापुरात आहेत, ते साधारण एक ते साडेतीन हजारांत काम करतात. फ्यूज, रिले किंवा फुगलेला कपॅसिटर एवढाच दोष असेल, तर मी दुसरा मार्ग घेईन. पाणी शिरून तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या असतील, तर दुरुस्ती टिकत नाही, तिथे नवेच कार्ड घ्यावे. वॉरंटी चालू असताना कार्ड बाहेरच्या माणसाच्या हाती देऊ नये.

वॉरंटीची वाक्ये नीट वाचावीत

‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षे’ हे जाहिरातीत ठळक असते. त्याचा अर्थ बहुधा कॉम्प्रेसर हा सुटा भाग फुकट, असा असतो. गॅस, मजुरी, ने-आण आणि व्हिजिट यांचे पैसे आपणच द्यायचे असतात, आणि ते चार-पाच हजारांपर्यंत जाऊ शकतात. पूर्ण यंत्रावर बहुतेक ठिकाणी एकच वर्ष आणि कार्डावर वेगळी मुदत असते. खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड आणि अनुक्रमांकाचा फोटो एकत्र ठेवावा. थर्मल कागदावरचे बिल दोन वर्षांत पुसट होते, म्हणून त्याची छायाप्रत आजच काढून ठेवावी.

आपल्याकडे अनेक जण एसी कोल्हापुरातून घेतात. कंपनीची वॉरंटी देशभर चालते, पण तक्रार पिनकोडनुसार जवळच्या सेवा केंद्राकडे जाते, म्हणून नोंदणी करताना दुकानाचा नव्हे, तर आपल्या घराचा पिनकोड द्यावा. अधिकृत केंद्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधताना पहिल्यांदा दिसणारा क्रमांक पुष्कळदा खासगी दुकानाचा असतो.

दुरुस्ती की नवा एसी

वर्तमानपत्रांत जुना एसी काढून नवा पाच तारांकित घ्यावा, वीजबिलात पैसे वसूल होतात, असे सांगितले जाते. हा हिशोब आपल्या भागाला तसाच लावता येत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवरचा वार्षिक वीजवापर १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. बेळगाव शहरात ९० दिवस, रोज सहा तास धरले तरी ५४० तास होतात, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. जुना दीड टनी एसी तासाला सरासरी १.५ युनिट आणि नवा इन्व्हर्टर ०.८ युनिट घेतो असे मानले, तर हंगामात ३७८ युनिटे वाचतात. कर आणि अधिभारांसह युनिटला सात रुपये धरले, तर ही बचत वर्षाला सुमारे २,६५० रुपये होते. नव्या यंत्राला बसवण्यासह ४२,००० रुपये पडले, तर केवळ विजेच्या बचतीतून ते वसूल व्हायला सोळा वर्षे लागतील. अथणी-रामदुर्गकडे जिथे एसी हजार तास चालतो, तिथे हीच बचत ४,९०० च्या आसपास जाते आणि हिशोब नव्याकडे थोडा झुकतो.

म्हणून माझे मत असे आहे की यंत्र आठ वर्षांच्या आतले असेल, कॉम्प्रेसर ठीक असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या एसीच्या किमतीच्या चौथ्या भागाहून कमी असेल, तर दुरुस्तीच करावी. आर-२२ च्या यंत्राचा कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेला असेल, तर पैसे घालू नयेत. अॅल्युमिनियमच्या कॉइलला छिद्रे पडू लागली की एक बुजवले तरी दुसरे पडते, तिथेही थांबावे. जुना एसी देताना त्यातल्या तांब्याला भाव असतो हे लक्षात ठेवून दोन ठिकाणी विचारावे. नव्या खरेदीचा हिशोब करताना जुन्या किमती मनात धरू नयेत, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

बिल, जुना भाग आणि तक्रार

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यावे. त्यात सुट्या भागाचे नाव, किंमत, मजुरी आणि किती दिवसांची हमी, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. ‘रिपेअरिंग : ६,५००’ अशा एका ओळीच्या बिलावर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. बिल कन्नडमध्ये असेल, तर संकोच न करता प्रत्येक ओळ वाचून दाखवायला सांगावी. ‘दुरस्ती’ आणि ‘खर्चु’ हे शब्द तिथेही आपल्याच ओळखीचे आहेत. भागांची नावे मराठीत किंवा इंग्रजीत बाजूला लिहून घेतली की पुढच्या वेळी उपयोगी पडतात. काढलेला जुना भाग आपल्या ताब्यात मागून घ्यावा. एसी चालू करून पंधरा मिनिटांनी तोच थर्मामीटर त्याच जागी धरावा, आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत. जीएसटीची रक्कम लावली असेल, तर बिलावर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे.

फसवणूक झाली असे वाटले, तर आधी त्या दुकानाला किंवा कंपनीला लेखी कळवावे आणि उत्तरासाठी मुदत द्यावी. उपयोग झाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, तिथे मराठीतही बोलता येते. त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे एसी कोल्हापुरात घेतला असला तरी बेळगावच्या रहिवाशाला बेळगावच्या आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. अंदाजपत्रक, बिल, तापमानाचे आकडे आणि जुना भाग जपून ठेवण्याचा खरा उपयोग इथे होतो.

वर्षभराची काळजी

सर्व्हिसिंग फेब्रुवारीतच करून घ्यावे. त्या महिन्यात कारागिराला वेळ असतो, सुटे भाग मिळतात आणि बिघाड निघाला तरी उकाडा सुरू व्हायला महिना असतो. साखरपट्ट्यातल्या घरांनी गाळप संपल्यावर आउटडोअर आणखी एकदा धुऊन घ्यावे.

जूनमध्ये एसी बंद करताना आधी अर्धा-एक तास नुसत्या ‘फॅन’ मोडवर चालवून आतला ओलावा सुकवावा, मग एमसीबी पाडून ठेवावा. आउटडोअरला प्लॅस्टिकची पूर्ण पिशवी घालू नये, तिच्यात ओल कोंडते आणि उंदरांना ऊबदार घर मिळते. वरच्या बाजूला तिरके छप्पर पुरते. वायरींची भोके पुट्टीने बुजवावीत आणि ड्रेन पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, विजा चमकत नसतील अशा दिवशी, एसी वीस मिनिटे चालवावा. त्यासाठी एमसीबी लावल्यावर लगेच कूलिंग सुरू न करता काही तास थांबावे, म्हणजे ज्या यंत्रांत कॉम्प्रेसर ऊबदार ठेवण्याची सोय असते त्यांत तेलात मिसळलेला गॅस सुटून येतो आणि कॉम्प्रेसर जोर न लागता फिरतो.